आईचा सहावा ठोकळा

९ फेब्रुवारी

ताई,

मायना काय लिहावा यातच दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं ताई. सतरा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी पडलेलं नाही. फोनच करणार होते, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, हे तीनदा करून पाहिलंय.

आधी कामाचं. सोबत एक फॉर्म आहे, त्यावर तुझी सही हवी. आमच्या पॅथॉलॉजीत एक अभ्यास सुरू झालाय. विद्यापीठातून एक केमिस्ट बाई येतात, त्यांच्याकडे लेझरचं यंत्र आहे. स्तनाच्या आजारात कॅल्शियमचे बारीक कण साठतात. मॅमोग्राफीच्या फिल्मवर मीठ सांडल्यासारखे दिसतात ते. कण दिसले म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पुष्कळ बायकांचे कण अगदी साधे असतात. पण कुठला साधा आणि कुठला वाईट, हे फिल्म दर वेळी सांगत नाही. केमिस्ट बाईंचं म्हणणं, नुसतं कणाचं रूप पाहू नका, तो कशाचा बनलाय ते विचारा. काही ऑक्झलेटचे असतात. बाबांना मुतखडा झाला होता ना, त्या जातीचे. ते सहसा त्रास देत नाहीत. काही फॉस्फेटचे, म्हणजे हाडात असतं त्याचे. यांचा भरवसा नाही. त्या फॉस्फेटमध्ये थोडं कार्बोनेट मिसळलेलं असतं, आणि बाईंचा अंदाज असा की आजार जितका पुढे गेलेला, तितकं ते कमी. कणावर लेझरचा उजेड टाकायचा, तो परत येताना किंचित बदलून येतो, त्यावरून आत काय आहे ते वाचायचं. फोडायला नको, जाळायला नको.

त्यांना जुने नमुने हवेत. ते आमच्या तळघरात आहेत. शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे आम्ही मेणात बसवून ठेवतो, त्यांना ठोकळे म्हणतो. पत्त्यांच्या कॅटसारखे कप्प्यात उभे लावलेले, प्रत्येकावर नंबर. आईचे सहा त्यातच आहेत. ज्या बायका आता नाहीत, त्यांच्या ठोकळ्यांना सगळ्या वारसांची सही लागते असा समितीचा नियम. वारस आपण दोघीच. माझी सही मी केलीय.

आणि हे ठोकळे कापतं कोण, तर मी. एक केस घेतलास आणि त्याच्या जाडीचे सतरा भाग केलेस, तर त्यातला एक भाग म्हणजे माझा काप. तो कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि काचेवर उचलायचा. तीच काच मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पहिल्या दिवशी केमिस्ट बाई म्हणाल्या, "एवढं पातळ तर यंत्रच कापत असेल ना?" मी म्हटलं, "गाडी पण स्वतःच धावते. मग ड्रायव्हर कशाला ठेवतात?" तेव्हापासून त्या माझ्याशी नीट बोलतात.

मी आता इथली हेड टेक्निशियन आहे. तुला कुणी सांगितलं नसेल. माघारी मला करकरबाई म्हणतात. का ते पुन्हा कधीतरी.

आईच्या वेळी आम्ही सगळं नियमाप्रमाणेच केलं होतं. तो विषय मला काढायचा नाही. सही तेवढी कर.

बुटकी

१८ एप्रिल

ताई,

माझं पत्र मला परत मिळालं. तू मुद्रितशोधक आहेस हे मान्य, पण सख्ख्या बहिणीच्या पत्राचं प्रूफ तपासून पाठवशील असं वाटलं नव्हतं. आमचे हे तर हसून हसून खुर्चीत बसले. लाल शाईत तीन ठिकाणी 'पाल्हाळ'. दोन ठिकाणी 'मुद्दा?' ड्रायव्हरच्या वाक्यासमोर 'बरं आहे'. हे 'बरं आहे' मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आणि 'सगळं नियमाप्रमाणेच केलं होतं' याच्याखाली सरळ रेघ, पुढे नुसतं प्रश्नचिन्ह. फॉर्म कोरा.

दोन महिने मी रागातच होते. पण मधे एक गोष्ट घडली आणि ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

केमिस्ट बाईंनी दीडशेच्या वर ठोकळे मोजले. सुरुवातीला आलेख छान उतरत होता. साधे कण वर, वाईट कण खाली. मग एकाएकी सगळा विचका. ज्या बायका आजही ठणठणीत हिंडताहेत, त्यांचे कणसुद्धा वाईटांच्या रांगेत जाऊन बसले. बाई आठ दिवस तोंड पाडून होत्या. अभ्यास गुंडाळायची भाषा सुरू झाली. मी त्यांच्याकडे यादी मागितली. "तुम्हाला आकडे कळणार नाहीत हो," त्या म्हणाल्या. म्हटलं, "आकडे नकोत. नंबर द्या."

ठोकळ्यांचे नंबर वाचत गेले आणि मला वास आला. खरंच सांगते, नाकात वास आला. मधली दोन वर्षं आमच्या भांडारात वेगळ्याच पुरवठादाराचं फॉर्मलिन यायचं. तुकडा सडू नये म्हणून तो आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात, आणि त्यात आम्ल मारणारं एक मीठ घालावं लागतं. त्या दोन वर्षांत ते घालत नव्हते. डोळे चुरचुरायचे, बरण्यांची झाकणं गंजायची. आम्ही तक्रार केली होती, ती कुठल्या तरी फायलीत निजली. ते आम्ल आधी कार्बोनेट खातं, आणि जोर असला तर सगळा कण विरघळवतं. म्हणजे बाई जे मोजत होत्या तो आजार नव्हताच, ती आमच्या बरणीतली आंबटाई होती!

मी म्हटलं, "या दोन वर्षांतले सगळे बाजूला काढा." बाई म्हणाल्या, "एकसष्ट ठोकळे आहेत. एकसष्ट!" म्हटलं, "मग एकसष्ट काढा." दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, कागद माझ्यासमोर ठेवला. आलेख उतरला होता, जिन्यासारखा. त्यांनी माझा हात धरून सगळ्यांना सांगितलं, "मला रसायनशास्त्रात पदवी आहे आणि यांना वास येतो."

तू म्हणशील, याचा आपल्याशी काय संबंध. आईच्या फिल्मवर कण होते आणि आमच्या काचेवर नव्हते, म्हणून दोष नाही असा रिपोर्ट गेला. चार वर्षांनी ती गेली. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत तू टेबलावर फिल्म आपटून विचारलंस, "मग हे कुठे गेले?" आणि मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाले, "ताई, लॅबची काही चूक नाही." तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू पगाराच्या बाजूने बोल." ते तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य.

आईचा काळही साधारण तोच. तेव्हा तिचे कण विरघळले असतील, असं आता वाटतं. कुणाच्याच हातात नव्हतं ते.

बुटकी

१० मे

ताई,

फॉर्म मिळाला. सही बघून बरं वाटलं, तुझा तो लफ्फेदार शेवट अजून तसाच आहे. पण सोबतची चिठ्ठी एकदा वाचली आणि दोन दिवस पुन्हा उघडली नाही. 'म्हणजे तुझी चूक नव्हती तर. मी एवढी वर्षं उगाच धरून बसले.' दोन वाक्यं. आणि खाली, सतरा वर्षांनी, 'ताई'.

मी खोटं लिहिलं होतं.

'साधारण तोच काळ' असं मी लिहिलं. साधारण नाही. रजिस्टर माझ्या टेबलाच्या खणात असतं. तुला पत्र टाकण्याआधीच मी ते पाहिलं होतं. आईचा नमुना आला त्यानंतर पाच महिन्यांनी ते फॉर्मलिन यायला लागलं. आईच्या बरणीत काही दोष नव्हता. बरणी मीच नेली होती, दोन्ही हातांनी धरून.

आता सगळं लिहिते. पाल्हाळ वाटलं तरी वाच.

मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. त्या वेळी फाटका काप काचेवर गेला की मोठे डॉक्टर ती काच उजेडात धरायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "हे कुणाचं शिवणकाम?" मी दोनदा ऐकून घेतलं होतं. आईचे सहा ठोकळे आले. नंबर मला पाठ होता. खरं तर मी बाजूला व्हायला हवं होतं, पण तेव्हा असा नियमच नव्हता, आणि असता तरी मी झाले नसते. मला वाटलं, आईचं काम माझ्याइतक्या मायेने कोण करणार.

पाच ठोकळे सुरळीत गेले. सहाव्याला पातं फिरवलं आणि करकर असा आवाज आला. भाकरीत खडा लागावा तसा. काप निघाला तो मधोमध उभा चिरलेला. पाण्यावर सोडला तर त्याचे दोन भाग वेगळे वेगळे तरंगायला लागले. त्याच्या आधीचा, वरचा एक काप शेजारी तरंगत होता. अखंड, साईसारखा. मी तो उचलला. चिरलेला टिपकागदाने टिपून टाकून दिला. पुढे खोल कापायला हवं होतं, ते कापलं नाही, कारण पुन्हा चिरला असता. आईची काच सगळ्यांत सुबक हवी होती मला.

मोठ्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, "छान." ताई, त्या 'छान'वर मी आठवडाभर चालत नव्हते, उडत होते.

करकर म्हणजे कण, हे मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. हे खरं आहे, पण याच्या आड मला लपायचं नाही. आत काहीतरी कडक आहे हे कळायला कुणी शिकवावं लागत नाही. तीन वर्षांनी आईच्या हाताला गाठ लागली, तेव्हा पहिल्यांदा मला तो आवाज आठवला. त्यानंतर तो गेलाच नाही. त्या खोलीत मी लॅबची बाजू घेत नव्हते. माझी घेत होते.

आता करकरबाईचं सांगते. आई गेल्यावर पंधरा दिवसांनी मी कामावर आले आणि शेजारच्या यंत्रावर तो आवाज ऐकला. ती टेक्निशियन पातं बदलायला उठली होती. मी तिचा हात धरला. "थांब. हा काप फेकायचा नाही. हा डॉक्टरांना दाखवायचा, आणि आता खाली खाली कापत जायचं, कण मिळेपर्यंत." ती म्हणाली, "पण फाटलाय." म्हटलं, "फाटू दे." तेव्हापासून आजपर्यंत माझ्या लॅबमध्ये करकर झाली की जो कापतोय त्याने मोठ्याने हाक मारायची, बाकीच्यांनी हातातलं थांबवायचं. ठोकळ्याचा आधी एक्स-रे काढायचा, कण किती खोल आहेत ते पाहायचं आणि मगच पातं लावायचं, हेही मी भांडून सुरू करून घेतलं. त्यासाठी तीन प्रमुखांशी भांडले. फिल्मवर कण आणि काचेवर काहीच नाही, असा रिपोर्ट आमच्याकडून पुन्हा गेलेला नाही. एकही नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही, कारण दुसरं बरंच लपवून झालंय.

तुझी सही असलेला फॉर्म मी अजून समितीला दिलेला नाही. हे वाचून सही मागे घ्यावीशी वाटली तर घे.

बुटकी

११ ऑगस्ट

ताई,

तीन महिने झाले. लाल शाईसुद्धा आली नाही. नुसतं एक कार्ड, 'फॉर्म दे.' तेवढ्यावर दिला.

आईचा सहावा ठोकळा एक्स-रेखाली ठेवला. सात कण, वाकड्या ओळीत. सगळ्यात वरचा माझ्या त्या कापाच्या जागेपासून जेमतेम दोन केसांच्या अंतरावर. मी अजून दोनच मिनिटं कापत राहिले असते, तर सापडला असता.

या वेळी मी कापलं नाही. आमच्याकडे एक टेक्निशियन आहे, हळूबाई म्हणतात तिला. चाळिशीची आहे, माझ्याच हाताखाली शिकली. बाकीचे दहा ठोकळे संपवतात तोवर हिचे चार. तिने कापले. केमिस्ट बाईंनी लेझर लावला. फॉस्फेट, कार्बोनेट कमी. वाईटांच्या रांगेत, पण रांगेच्या सुरुवातीला. मग मॅडमनी, म्हणजे आताच्या आमच्या प्रमुखांनी, आजूबाजूच्या पेशी पाहिल्या. आजार होता, दुधाच्या नळीच्या आतच होता, भिंत फोडून बाहेर पडलेला नव्हता. तेव्हा कळलं असतं तर त्या वेळच्या शस्त्रक्रियेतही बहुधा आई वाचली असती. 'बहुधा' हा मॅडमचा शब्द. मी तो काढणार होते, पण तू म्हणशील, मूळ प्रतीत होता तर ठेव.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर बसून, एका दमात. मला वाटलं, हेडपद जाईल. जायलाही हवं. त्या म्हणाल्या, "लिहून द्या." मी म्हटलं, "राजीनामा?" तर चिडल्या. "राजीनामा काय करायचाय मला! काय झालं ते लिहून द्या. नव्या माणसांना हेच वाचून दाखवत जाऊ. एक्स-रे का, हाक का, हे नियमाच्या पुस्तकात कुठे लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी अकरा टेक्निशियन, दोन डॉक्टर आणि केमिस्ट बाई यांच्यासमोर मी स्वतःच वाचलं. 'सुबक' हा शब्द मला दोनदा वाचावा लागला. वाचून झालं. हळूबाई उठली, माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि आपल्या यंत्रापाशी जाऊन बसली. मग एकेक जण उठून कामाला लागला. ताई, लाज इतकी वाटली की मान वर होईना. आणि त्याच वेळी, कसं सांगू, मी त्या खोलीत पहिल्यांदाच पूर्ण उंचीने उभी होते. हसू नकोस. आहे ती उंची.

पेपर छापून आला. सोबत प्रत पाठवतेय. पाच नावं आहेत, चौथं माझं. केमिस्ट बाईंनी आधी शेवटच्या आभारात घातलं होतं. मॅडम म्हणाल्या, "एकसष्ट ठोकळे आभार मानून निघत नाहीत." नावाच्या पुढे ना डॉक्टर, ना काही पदवी, नुसतं नाव. बाबांचं आडनाव लावलंय मी, मुद्दाम. पान तिसरं बघ, जिन्यासारखा आलेख. त्यातला डावीकडून एकोणिसावा ठिपका आई आहे. ठिपक्याला नाव नसतं, पण मला ठाऊक आहे आणि आता तुलाही.

माफी मागण्यासाठी हे पत्र नाही. मागितली तर तुला ती द्यावी की नाही याचा विचार करत बसावं लागेल, आणि ते ओझं मी तुझ्यावर का टाकू. फक्त सगळं तुझ्यापाशी असावं.

बुटकी

२१ सप्टेंबर

ताई,

पाकीट उघडलं तेव्हा वाटलं, पेपराचं प्रूफ तपासून आलं. फिल्म निघाली. उजेडात धरली. वर कोपऱ्यात तुझं नाव. खाली उजवीकडे नऊ-दहा दाणे.

चिठ्ठीत तू लिहिलंयस, 'इथले डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतात. मी तुमच्याकडे येईन. पण अट आहे. तूच कापायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.'

किती वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसले होते. मी सगळं सांगूनही तू माझ्याचकडे येतेस, हे माझ्याने वाचवेना आणि सोडवेनाही. आमचे हे म्हणाले, "एवढा मान कुणाला मिळतो." खरं आहे.

तरी मी कापणार नाही.

रागावू नकोस, रागावलीस तरी पुढचं वाच. आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे, नात्यातल्या माणसाचा नमुना आपण हातात घ्यायचा नाही. तो मीच लिहिलाय. का लिहिलाय ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आईच्या वेळी माझा हात कच्चा होता म्हणून चुकलं, असं सांगून मी सुटू शकते. पण तसं नव्हतं. हात बरा होता. मन भलतीकडे होतं. माझ्या आईचं छानच निघालं पाहिजे, यात ते अडकलं होतं. आज माझा हात या लॅबमधला सगळ्यांत चांगला आहे, हे मी न लाजता सांगते. पण समोर तू असशील, तर मी पुन्हा छान निघावं म्हणूनच कापेन. ठोकळ्याला माया नको असते, ताई. त्याला असा माणूस हवा असतो, ज्याला आवाज ऐकायचाच आहे.

हळूबाई कापेल. मी खोलीच्या बाहेर बसेन.

मी पुन्हा लॅबच्या बाजूने बोलतेय, असं तुला वाटेल. या वेळी तुझ्या बाजूने बोलतेय. पटलं तर चार तारखेला ये. स्टेशनवर मी असेन. नाही पटलं, तरी दुसरीकडे कुठे का होईना, पण तपासून घे. हे मात्र विनंती म्हणून लिहीत नाही. दरडावून लिहितेय. धाकट्या बहिणीला आयुष्यात एकदा तेवढा अधिकार असतो.

बुटकी

३० ऑक्टोबर

ताई,

तू वर तिसऱ्या मजल्यावर, मी खाली पहिल्या, आणि मी पत्र लिहितेय. वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, भेटीची वेळ संपली. समोरासमोर असलो की तू डोळे मिटून झोपल्याचं सोंग करतेस आणि मी पंख्याबद्दल बोलते. म्हणून कागद बरा. वॉर्डातल्या मावशींच्या हाती वर पाठवतेय.

निकाल तुला मॅडमनी सांगितलेलाच आहे. त्या दिवशी खाली काय झालं, ते मात्र कुणी सांगितलं नसेल.

तुझे चार ठोकळे झाले. एक्स-रेमध्ये कण तिसऱ्यात दिसले, बरेच खोल. हळूबाईने सकाळी दहाला पातं लावलं. मी बाहेर बाकावर. काचेच्या दारातून तिची पाठ दिसत होती. अर्धा तास झाला, पाऊण झाला. ती एक काप काढायची, उचलायची, थांबायची, पातं पुसायची. माझ्या जिवाची नुसती तगमग. आयुष्यभर मी या बाईला 'आटप, आटप' म्हणत आले, आणि त्या दिवशी मनात म्हणत होते, 'घाई करू नकोस ग बाई.'

अकराच्या सुमाराला तिने हाक मारली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "करकर!" सगळी यंत्रं थांबली. मी उठले आणि दारापाशीच थांबले, आत गेले नाही. तिने चिरलेला काप तसाच काचेवर घेतला, दुमडलेला, वेडावाकडा, एवढा कुरूप काप मी वर्षभरात पाहिला नव्हता. मग त्याच्याखाली अजून बारा. मॅडम स्वतः येऊन ट्रे घेऊन गेल्या. तू सही दिली होतीस म्हणून केमिस्ट बाईंनीही एक कण लेझरखाली पाहिला. अभ्यासापुरता, रिपोर्टसाठी नाही. फॉस्फेटच, पण कार्बोनेट आईच्या कणांपेक्षा जास्त. मॅडमना पेशींत जे दिसलं त्याच्याशी ते जुळत होतं. आजार नळीच्या आत, अगदी लहान जागेत. अजून उंबऱ्याच्या आतच.

आणि आज दुपारी शस्त्रक्रियेतल्या तुकड्याचा रिपोर्ट तयार झाला. संध्याकाळी मॅडम तुला सांगायला येतील, तेव्हा पहिल्यांदा ऐकतेयस असा चेहरा कर. सगळ्या कडा स्वच्छ. चारी बाजूंनी शाई लावून पाहिलं, कुठेही आजार कडेला पोचलेला नाही. पुढे काही दिवस किरणांचा शेक घ्यायला यावं लागेल, दर वर्षी फिल्म काढावी लागेल, पण निघालंय ते पूर्ण निघालंय. हळूबाईने तेही कापलं. पूर्ण दीड दिवस लावला. मी तिला सगळ्यांसमोर 'छान' म्हणाले नाही, तो शब्द मला आता वापरता येत नाही. मी म्हटलं, "बरोबर केलंस." ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय." मला अभिमान वाटला, माझ्या हातांचा नाही, तिच्या.

परवा तुला सोडतील. घरी नेते तुला, माझ्या घरी. खोली तयार आहे, ह्यांनी दारं-खिडक्यांच्या करकरणाऱ्या बिजागऱ्या तेल घालून गप्प केल्यात. मी आवाज ऐकला की दचकते म्हणून.

एक राहिलं. आज सकाळी भरतीच्या खिडकीवरचा कारकून खाली आला. मला म्हणाला, "तुमच्या ताईंनी भरती होताना फॉर्मवर जे लिहिलंय ते आमच्या रकान्यात बसत नाही. संगणकात काय घालू?" त्याने फॉर्म दाखवला. 'जवळचे नातेवाईक' या ओळीत माझं नाव होतं, 'नातं' या ओळीत 'धाकटी बहीण'. एवढं ठीक. पण पुढे 'निर्णय कोणी घ्यावा' यासमोर, लहान रकान्याच्या बाहेर जाऊन, पुढच्या दोन ओळी ओलांडून तू लिहिलं होतंस: 'तिला विचारा. ती खरं सांगते.'

मी त्याला म्हटलं, "जसं आहे तसंच घाल. एकही अक्षर बदलायचं नाही."

बुटकी